छायाचित्राचे फेरफार

आमच्या तालुक्याच्या गावी मामलेदार कचेरीच्या समोर, मुद्रांक विकणारे आणि अर्ज लिहून देणारे जेथे दुपारभर बसलेले असतात त्या ओळीत, एक फोटो स्टुडिओ आहे. आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर गेल्या पिढीतील कितीएक माणसांच्या तसबिरी अशा लावलेल्या आहेत की, ज्यांनी हयातीत कधी कोट अंगात घातला नाही ते तेथे टाय बांधून बसले आहेत, ज्यांनी जिल्ह्याची हद्द ओलांडली नाही त्यांच्या पाठीमागे बर्फाच्छादित शिखरे आणि निळे सरोवर पसरले आहे, आणि ज्यांचे जोडीने असे एकही छायाचित्र कधी काढले गेले नव्हते ती पतिपत्नी खांद्याला खांदा लावून समोर पाहत आहेत. बारकाईने पाहिले तर पतीच्या नाकाची सावली डावीकडे पडलेली दिसते आणि पत्नीच्या नाकाची उजवीकडे; जणू सूर्य त्या दोघांच्या मधोमध येऊन बसला आहे. एखाद्या लग्नाच्या समूहचित्रातला नखाएवढा चेहरा, किंवा तेही नसेल तर रेशन कार्डावरचा शिक्का उमटलेला चेहरा, एवढ्या भांडवलावर ही सारी सृष्टी उभी केलेली असते. शहरातून आलेला सुशिक्षित पाहुणा तिला हसतो. मीही पुष्कळ वर्षे हसत असे.

परंतु संगणकावर छायाचित्राला नाना प्रकारचे परिणाम चढवण्याच्या कलेची आज काय अवस्था आहे, याचा विचार करावयाचा तर आरंभ या भिंतीपासूनच करणे मला भाग वाटते. कारण मुंबई-दिल्लीच्या कलादालनांत या कलेचे जेवढे प्रयोग होतात त्यांच्या कित्येक पट ते अशा स्टुडिओंत, लग्नाच्या अल्बमांत, चौकातल्या फ्लेक्सवर आणि हातातल्या फोनमध्ये होत असतात, आणि जी कला लोक नित्य वापरतात तिची परीक्षा केवळ तिच्या दिवाणखान्यात बसून करता येत नाही. शिवाय कचेरीच्या शेजारामुळे एक शब्द मला आयताच सापडला आहे. महसुली दफ्तरात ‘फेरफार’ हा शब्द निंदाव्यंजक नाही. जमीन विकली गेली, वारस लागला, बोजा चढला, म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद बदलावी लागतेच; मात्र तलाठ्याने गाव नमुना ६ मध्ये ती धरावी, हितसंबंधितांना नोटीस द्यावी, पंधरा दिवसांत कोणाची हरकत न आल्यास मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करावी, आणि मगच मूळ उताऱ्याला हात लावावा, असा शिरस्ता आहे. बोलण्यात आपण ‘कागदात फेरफार केला’ असे म्हणतो तेव्हा मात्र लबाडी अभिप्रेत असते. छायाचित्राच्या बाबतीत आपण हा दुसरा, बोलीतलाच अर्थ तेवढा धरून बसलो आहोत, आणि त्यामुळे बदल केला की नाही एवढीच चौकशी करून मोकळे होतो. कलेच्या दृष्टीने विचारावयाचा प्रश्न, म्हणजे बदलाला कारण काय होते आणि ते कारण त्या चित्रातच सापडते की बाहेरून आणले आहे, हा तसाच राहतो.

छायाचित्र जन्मतः सत्यवक्ते होते आणि संगणकाने ते बिघडवले, ही समजूत तर पहिल्याच चौकशीत टिकत नाही. ऑस्कर रेलँडर याने १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह एकत्र जोडून सद्गुण आणि विलास यांचे एक विशाल रूपकचित्र सिद्ध केले होते, आणि राणी व्हिक्टोरियाने त्याची प्रत विकत घेतली होती. त्याच सुमारास फ्रान्सात गुस्ताव्ह ल ग्रे हा समुद्राची एक काच आणि आकाशाची दुसरी काच जोडून चित्रे छापत होता. त्यात फसवणुकीचा हेतू नव्हता, तर त्या काळच्या काचेला लाटांचा आणि ढगांचा प्रकाश एकाच वेळी पेलत नसे, आणि डोळ्यांना मात्र दोन्ही दिसत असत. आपल्याकडे मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांपैकी होते. पण छायाचित्र हाती येताच आमच्या लोकांनी त्याच्यावर रंग चढवला, आणि नाथद्वाऱ्याच्या चितारींनी तर यात्रेकरूंचे छापील चेहरे कापून श्रीनाथजींच्या समोर रंगवलेल्या देहांवर बसवले. गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय करून पाहिलेल्या दादासाहेब फाळक्यांना कॅमेऱ्याच्या करामतीत केवढी गोडी होती, हे वेगळे सांगावयास नको. तात्पर्य, कोट चढवणाऱ्या आमच्या स्टुडिओवाल्याच्या पाठीशी मोठी वंशावळ आहे.

नव्या यंत्राची कुळकथा थोडक्यात सांगतो. टॉमस नोल हा मिशिगन विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी १९८७ मध्ये, आपल्या मॅकिंटॉशच्या निव्वळ काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दाखवता याव्यात म्हणून, एक छोटासा प्रोग्रॅम लिहू लागला. चित्रपटांतील चमत्कृतींच्या कारखान्यात नोकरीस असलेला त्याचा भाऊ जॉन याला त्यातील सामर्थ्य दिसले. आणि ॲडोबी कंपनीने फेब्रुवारी १९९० मध्ये तो ‘फोटोशॉप’ या नावाने विक्रीस आणला. या प्रोग्रॅमच्या अवजारपेटीत आजही एक काडीला लावलेली टिकली आणि एक अर्धवट मिटलेला हात अशी दोन चिन्हे आढळतात. अंधाऱ्या खोलीत एनलार्जरच्या उजेडाखाली कागदाचा एखादा भाग काडीवरच्या पुठ्ठ्याच्या टिकलीने झाकून उजळ ठेवावयाचा, आणि दुसरा भाग हाताच्या फटीतून जादा प्रकाश देऊन गडद करावयाचा, या कारागिरीच्या त्या खुणा आहेत. ॲन्सेल ॲडम्स याने १९४१ मध्ये घेतलेल्या हर्नांडेझ गावच्या चंद्रोदयाचे आकाश पुढील दशकांतल्या प्रतींत याच रीतीने अधिकाधिक काळे केले, आणि आज आपण ज्याला निसर्गाचे गांभीर्य म्हणून मान तुकवतो ते पुष्कळ अंशी त्या हाताचे आहे.

खरी क्रांती मात्र १९९४ मधील तिसऱ्या आवृत्तीत ‘लेयर’ आले तेव्हा झाली. लेयर म्हणजे थर. मूळ चित्राला न दुखवता त्याच्यावर पारदर्शक कागदांची चळत रचावी, एकावर ढग, दुसऱ्यावर कोट, तिसऱ्यावर केवळ छटांचा बदल, आणि कोणताही कागद केव्हाही उचलून ठेवता यावा, अशी ही सोय आहे. हे थर एकमेकांत कसे मिसळावेत याच्याही रीती ठरलेल्या आहेत: ‘मल्टिप्लाय’मध्ये वरच्या आणि खालच्या बिंदूंच्या ० ते २५५ या किमतींचा गुणाकार करून त्याला २५५ ने भागतात, त्यामुळे पांढऱ्याखालचे तसेच राहते, काळ्याखालचे काळे होते आणि मधल्या साऱ्या छटा गडदतात, जणू दोन पारदर्शिका एकत्र धरून दिव्याकडे पाहिले, ‘स्क्रीन’मध्ये याच्या नेमके उलट होऊन दोन दिव्यांचा उजेड एकाच भिंतीवर पडल्यासारखे दिसते. ज्याला हे गणित अंगवळणी पडले त्याच्या हातून सावली सावलीसारखी पडते. आणि थरांची फाइल जपून ठेवणारा कारागीर हा, कळत-नकळत, आपला नमुना ६ लिहीतच काम करीत असतो. बाहेर जाते ती थर सपाट केलेली प्रत, जिच्यात कोणतीही नोंद उरलेली नसते.

आता ज्यांना ‘इफेक्ट’ म्हणतात त्यांच्याकडे वळू. त्यांची यादी उघडून पाहिली तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते: यांतील बहुतेक परिणाम म्हणजे कोणत्या तरी जुन्या काळातील निकड, उणीव किंवा अपघात होत. सेपियाचा तपकिरी रंग हा मुळात शृंगार नव्हता. छापातील रुपे गंधकाशी संयोग पावून अधिक टिकाऊ व्हावे यासाठी ती क्रिया करीत, आणि रंग हे तिचे उपफल होते. कोपरे काळवंडणे हा भिंगाचा दोष होता. दाणेदारपणा हा मंद प्रकाशात वेगवान फिल्म वापरावी लागल्याचा दंड होता. रंग विचित्र हिरवट-पिवळे होणे, हे पारदर्शिकांची फिल्म निगेटिव्हच्या रसायनात धुतल्याचे फळ होते. ‘अनशार्प मास्क’ हे चित्र रेखीव करणाऱ्या आज्ञेचे उफराटे नावसुद्धा, मूळ निगेटिव्हवर तिचीच एक अस्पष्ट, उलट प्रत चढवून कडा उठावदार करण्याच्या जुन्या युक्तीवरून आलेले आहे. कारण नष्ट झाले आणि कार्य तेवढे आज्ञावलीत राहिले. कुळे गेली आणि आडनावे उरली. याचा अर्थ हे परिणाम वापरू नयेत असा नव्हे. पूर्वी परिणामाचे कारण वस्तूच पुरवीत असे. आता ते कलावंताच्या दृष्टीला पुरवावे लागते, आणि तेथेच आजच्या बहुसंख्य कामाचा दिवाळखोरपणा उघडा पडतो.

क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ लिहून जवळजवळ हजार वर्षे होत आली. गळ्यात मेखला आणि कमरेस हार घालणाऱ्याला लोक हसणारच, हा त्याचा दृष्टांत ज्यांनी वाचला असेल त्यांना चकचकीत अल्बम चाळताना त्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. बारा इंच रुंद आणि छत्तीस इंच लांब अशा त्या जाड पानांसाठी तयार नमुन्यांच्या फाइली शेकड्यांनी विकत मिळतात. त्यांत जागा रिकाम्या ठेवलेल्या असतात, त्यांत कोणाचीही वधू बसते. एका पानावर तिचा महाकाय, फिकट चेहरा सायंकाळच्या ढगांत तरंगत असतो, दुसऱ्यावर गुलाबाच्या पाकळ्यांचा पाऊस पडतो, तिसऱ्यावर इंग्रजी प्रेमवचने, बहुधा अशुद्ध, सोनेरी अक्षरांत लिहिलेली असतात, आणि चौथ्यावर सारे चित्र कृष्णधवल करून एकटा शालूच लाल राखलेला असतो. स्टीव्हन स्पीलबर्गने ‘शिंडलर्स लिस्ट’मध्ये त्या करड्या नरसंहारात एका लहान मुलीचा कोट लाल ठेवला, तेव्हा त्या रंगामागे एका माणसाची जागी होणारी नजर होती, येथे शालू लाल आहे, कारण लाल करण्याची कळ उपलब्ध आहे. आणि तरीही न्याय करावयाचा तर सांगितले पाहिजे की, याच अल्बमांत एखाद्या पानावर, पाठवणीच्या वेळी दाराआड उभ्या असलेल्या बापाचे चित्र, बाजूचे सारे भडक रंग हलक्या हाताने उतरवून त्याच्या चेहऱ्यावरच्या उजेडाला एकटे सोडणारा कोणी अनामिक ‘डिझायनर’ भेटतो, आणि पान उलटवत नाही.

चेहऱ्याच्या बाबतीत मात्र मी इतका उदार होऊ शकत नाही. या धंद्याच्या भाषेत ‘फेस क्लीन करणे’ अशी एक क्रिया आहे. जाणता कारागीर त्वचेचा पोत एका थरात आणि वर्ण दुसऱ्या थरात अलग करतो, डाग तेवढा काढतो आणि रोमरंध्रे जागच्या जागी ठेवतो. परंतु या कामाला वेळ लागतो, आणि मजुरी पानावर ठरलेली असते. म्हणून सरसकट धूसरता फासली जाते, गालांची मेणबत्ती होते, आणि त्याच फटकाऱ्यात वर्णही दोन पायऱ्या गोरा केला जातो, गिऱ्हाईकाने मागितला नसला तरी. काळ्या मातीच्या या मुलखात, जेथे विठ्ठलाचे सावळेपण जन्मभर आळवले जाते, तेथे नवरीचे सावळेपण मात्र दोष समजून खोडले जावे, याला सौंदर्यशास्त्रीय कारण कोणतेही नाही. नॉर्वेने २०२१ मध्ये कायदा करून जाहिरातींतील बदललेल्या देहांवर तशी सूचना छापणे बंधनकारक केले. आमच्या स्टुडिओतल्या पंख्याखाली असला कायदा पोचण्याचा संभव नाही, आणि पोचला तरी नवरीची आई हरकत घेईल असे वाटत नाही.

अलंकारांच्या लाटांविषयी अधिक लिहिण्यात हशील नाही, कारण त्या आल्या तशा ओसरल्या. काई क्राऊझच्या ‘पॉवर टूल्स’ने १९९२ पासून पुढे जगभरच्या चित्रांचे कोपरे कागदासारखे दुमडले. मग पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये, निरनिराळ्या प्रकाशमानांच्या अनेक छायाचित्रांतून दृश्यातला खरा तेजोविस्तार परत मिळवण्याची अतिशय सुंदर शास्त्रीय रीत मांडली. पण शास्त्राचा प्रसाद बाजारात आला तो ‘एचडीआर’ या नावाने, आणि दहा वर्षांत प्रत्येक किल्ला, प्रत्येक घाट आणि प्रत्येक ढग शिजवलेल्या पितळेसारखा दिसू लागला, सावली नावाची वस्तूच उरली नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये इन्स्टाग्राम आले आणि जुन्या फिल्मचे अपघात एका बोटावर आणून ठेवले. २०१५ मध्ये ट्यूबिंगनच्या संशोधकांनी एका चित्राची शैली दुसऱ्यावर चढवणारी रीत प्रसिद्ध केली, आणि पुढच्याच वर्षी ‘प्रिझ्मा’च्या कृपेने घराघरांतली मांजरे व्हॅन गॉगची झाली. अलीकडे सावल्या निळसर आणि त्वचा नारिंगी करण्याचे वेड आहे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल असे लयीचे जे तीन प्रकार सांगितले त्यांतला विरोध यात निर्विवाद आहे. पण दुसऱ्या कोणाच्या संध्याकाळीवरून बेतलेला ‘प्रीसेट’ आपल्या दुपारीवर ओतला, तर जे निर्माण होते ती लय कोणाची म्हणावयाची?

या गर्दीत दोन कामे मला पुनःपुन्हा पाहावीशी वाटतात. विवान सुंदरम यांनी २००१-०२ मध्ये ‘रि-टेक ऑफ अमृता’ ही कृष्णधवल चित्रमालिका रचली. त्यांचे आजोबा उमरावसिंग शेरगिल हे हौशी छायाचित्रकार होते. त्यांनी काढलेली स्वतःची, पत्नीची आणि मुलींची जुनी छायाचित्रे घेऊन नातवाने संगणकावर अशी जोडली की, निरनिराळ्या वर्षांतली, निरनिराळ्या शहरांतली माणसे एका खोलीत येतात, चित्रकार मावशी अमृता आरशात एका वयाची आणि बाहेर दुसऱ्या वयाची दिसते, आणि वृद्ध बाप तिच्याकडे पाहत राहतो. तंत्र तेच, जे आमच्या स्टुडिओवाल्याचे: दोन वेगळ्या वेळी काढलेली माणसे शेजारी बसवणे. भेद एवढाच की, सुंदरम यांनी उजेड जुळवला, आणि काळ जुळू दिला नाही. कुटुंबाच्या आठवणीत माणसे अशीच वय विसरून एकत्र येतात, त्यामुळे फेरफाराचे कारण त्या छायाचित्रांच्याच पोटात सापडते.

दुसरे काम संगणकाचे नव्हे, आणि म्हणूनच ते येथे सांगितले पाहिजे. पालघर जिल्ह्यातील डहाणूजवळच्या गंजाड गावचे वारली चित्रकार राजेश वांगड आणि छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१३ पासून ‘फील्ड्स ऑफ साइट’ ही मालिका मिळून केली. गिल यांनी त्या मुलखाची, आणि त्यात उभ्या असलेल्या वांगडांची, कृष्णधवल छायाचित्रे काढली. आणि जे कॅमेऱ्याला दिसले नाही ते, म्हणजे त्या जागी घडलेले, ऐकलेले, हरवलेले, वांगडांनी त्याच छापांवर शाईने रेखले. माळ रिकामा दिसतो, आणि त्याच्यावर मुंग्यांच्या रांगांसारखी माणसे, झाडे, प्राणी भरत जातात. डोंगराची मूळ कड कोठेही पुसलेली नाही, रेषा तिच्यालगत वाढते. थर, पारदर्शकता, मूळ आणि फेरफार एकाच वेळी वाचता येणे, हे जे फोटोशॉपला कळीने साधता येते आणि फोटोशॉप वापरणाऱ्याला सहसा साधत नाही, ते येथे एका टोकदार लेखणीने साधले आहे.

वृत्तपत्रीय छायाचित्रांचा मामला निराळा. तेथे छायाचित्र साक्षीदार म्हणून रुजू झालेले असते, आणि साक्षीदाराने अलंकार घालून येऊ नये. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी, पान उभे आणि चित्र आडवे म्हणून, गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले, तेव्हा फोटोशॉपचा जन्मही झालेला नव्हता. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेत २०१५ मध्ये शेवटून दुसऱ्या फेरीतील सुमारे एक पंचमांश चित्रे अशाच बदलांपायी बाद झाली. आणि डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या पुराच्या वेळी खुद्द सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने पंतप्रधानांच्या हवाई पाहणीचे, विमानाच्या खिडकीत वेगळे दृश्य चिकटवलेले छायाचित्र प्रसृत केले, आणि मग ते मागे घेऊन दिलगिरी व्यक्त केली. चित्रातील प्रत्येक बदलाचा दाखला फाइलीसोबतच राहावा यासाठी २०१९ पासून ॲडोबी व इतर संस्था खटपट करीत आहेत. ही गाव नमुना ६ चीच कल्पना झाली, फक्त येथे पडद्याचे नुसते छायाचित्र घेतले की नोंदवही गळून पडते.

मे २०२३ पासून फोटोशॉपमध्ये शब्दांनी हुकूम सोडावा आणि यंत्राने रिकामी जागा भरून द्यावी, अशी सोय झाली आहे. त्याच्या महिनाभर आधी बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलावंताने सोनीच्या जागतिक छायाचित्र स्पर्धेतले पारितोषिक, आपले चित्र यंत्रनिर्मित असल्याचे जाहीर करून नाकारले होते. हे परिणाम फार सफाईदार असतात. सावल्या एकाच दिशेला पडतात. त्यांना फेरफार म्हणावे की नाही याचीच मला शंका आहे, कारण जेथे मूळ उताराच नाही तेथे नोंद कशावर धरावयाची, आणि या लेखाचा विषय अजून तरी मूळ उतारा असलेली चित्रे हाच आहे.

गेल्या वर्षी चुलत्यांच्या आग्रहावरून मी त्याच कचेरीसमोरच्या स्टुडिओत आजोबा-आजींची तसबीर करावयास दिली. आजोबा चाळिशीत गेले; त्यांचा एकुलता फोटो सोसायटीच्या संचालकांच्या समूहचित्रात, दुसऱ्या रांगेत. आजी त्यांच्यामागे सदतीस वर्षे जगली, आणि तिचा फोटो अखेरच्या आजारातला. दोघांना शेजारी बसवले तेव्हा नवरा मुलासारखा दिसू लागला. स्टुडिओतल्या पोराने आजीच्या सुरकुत्या थोड्या उतरवल्या, आजोबांच्या कानशिलांवर थोडे पांढरे घातले, आणि मी सांगितले म्हणून उजेडही एका बाजूने करून दिला. त्यासाठी त्याला आजोबांचा चेहरा उलटा फिरवावा लागला, आणि त्यांच्या डाव्या भुवईवरचा वण उजवीकडे गेला. मग माऊस थांबवून त्याने विचारले, “काका, आजींना कुंकू लावायचं का?”

चुलते म्हणाले, लावायचंच, शेजारी मालक बसलेत. आत्या म्हणाली, मी आईला कुंकवाने पाहिलेलंच नाही, ती बाई मला कोण म्हणून दाखवाल? दुकानात गिऱ्हाइके खोळंबली होती. पोराने दोघांचे ऐकून घेतले, कुंकू ज्या वेगळ्या लेयरवर ठेवले होते त्याच्यासमोरचे, लेयर दाखवणारे-लपवणारे डोळ्याचे चिन्ह एकदा मिटले, एकदा उघडले, आणि दोन प्रती काढून दिल्या. कुंकवाची चुलत्यांच्या माजघरात आहे. दुसरी आत्याने सांगलीला नेली. वण मात्र दोन्हींत उजवीकडेच आहे.